दहा मिनिटांचे पाणी
भिजलेल्या कापसाच्या गादीचा वास आला की पनवेलच्या घरातली ती सकाळ आठवते. तीन दिवस नळ कोरडा होता. पाणी आल्याचे कळावे म्हणून आमच्या इमारतीत सगळेच नळ उघडा ठेवत, तसा आम्हीही मोरीतला ठेवला होता. मी घरूनच एका वाहिनीवरच्या चर्चेत बोलत होतो. घरोघरी रोज पाणी पोहोचते हा सरकारचा दावा खोटा आहे, असे सांगत असतानाच नळ धो धो सुरू झाला. जाळीवर फडके अडकून मोरी तुंबली, पाणी खोलीत शिरले, जमिनीवरची गादी भिजली. “अहो, पाय वर घ्या,” बायको म्हणाली आणि बादल्या भरू लागली. सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते हसले. “साहेब, आधी नळ बंद करा, मग टीका करा.” निवेदिकेने हसतच ब्रेक घेतला. पाणी दहा मिनिटांत गेले. “सांगा त्यांना, गेलं म्हणून,” बायको म्हणाली. मी वाहिनीला फोन केला. “सर, तो विषय झाला ना आता,” असे उत्तर मिळाले. आमच्या नळाचा आवाज मात्र सरकारच्या बाजूचा पुरावा म्हणून दिवसभर दाखवला गेला. खुलासा कुणीच दिला नाही, म्हणून आज मी देतो: त्या आठवड्यात आम्हाला एवढेच पाणी मिळाले.