खंडेनवमीला मी नळावर होतो

फोरमनची जागा मला हवी होती. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं मी पुष्कळ ताठ्यानं बोलणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल, या म्हाताऱ्याला कशाचंच काही नव्हतं. होतं. इतकं होतं की त्या दोन महिन्यांत मला एका जागी धड बसवत नसे. रविवारी सकाळी बंगळुरात राजाजीनगरहून मिळेल ती बस धरायची, जे. पी. नगरपर्यंत जायचं, उभ्याउभ्या एक कॉफी प्यायची आणि तसंच परत यायचं. बायको विचारायची, "कुणाकडं गेला होता?" कुणाकडंच नाही. काय सांगणार?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचा कारखाना लहान, लेथ बनवायचा. मी निपाणीकडचा. चौथीत शाळा सुटली, विसाव्या वर्षी बंगळूरला आलो, आणि तेव्हापासून एकच काम केलं. लेथचा बेड म्हणजे त्याची खालची लांब लोखंडी पाठ. बाकी सगळं तिच्यावर सरकतं. ती पाठ मशिनीवर सपाट करून येते, पण खरी सपाट नसते. मग पट्टीला निळा रंग लावायचा, पट्टी बेडवर घासायची. जिथं निळं उमटलं तिथं उंचवटा. तो हातातल्या स्क्रेपरनं खरवडायचा, तोही किती, तर केसाच्या जाडीलासुद्धा लाजवेल इतका. पुन्हा निळं, पुन्हा खरवड. असे दिवसच्या दिवस. शेवटी निळं सगळीकडं सारखं उमटतं, मोहरी सांडावी तसं. तिथं माझं काम संपलं.

काही फिटर त्याच्यावर आणखी एक करतात. स्क्रेपर मनगटात फिरवून ओळीनं चंद्रकोरी उठवतात. उजेड पडला की सगळा बेड माशाच्या खवल्यांसारखा चमकतो. आमच्यात धारवाडकडचा एक फिटर होता, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याचा यात हात बसलेला. मी कधी केल्या नाहीत. त्यात तेल राहतं म्हणे. माझ्या बेडवर त्यांच्यावाचूनही राहत होतं. जेवण चांगलं झालं तर ताटाभोवती रांगोळी कशाला?

तर आमचे जुने फोरमन वर्षअखेरीला सुटणार होते. बावीस वर्षं मी तिथं होतो, माझ्याइतका जुना दुसरा फिटर नव्हता. मला वाटलं, झालं, आता बोलावतील. बोलावलं, पण एक कागद द्यायला. नवे मॅनेजर पुण्याचे होते, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान.

"काका, हा फॉर्म सगळ्यांनी भरायचाय. यंदा आपण काय काय केलं, ते स्वतः लिहायचं. मराठीत लिहा, मी वाचीन."

"काय केलं ते बाहेर उभं आहे की. बघा."

"मी बघतो हो. पण फोरमन कोण, हे मालक ठरवणार. ते रोज कुठं येतात? तुम्ही स्वतःला जरा पुढं केलं पाहिजे, काका. तुम्ही मीटिंगमध्ये बोलत नाही, पाहुणे आले की दिसत नाही. थोडं प्रोजेक्ट करा स्वतःला."

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. चार दिवस ती माझ्याबरोबर बसनं फिरली. पाचव्या दिवशी बायकोनं शर्ट धुवायला घेतला तेव्हा तिला ती सापडली. ती सातवी शिकलेली. पेन घेऊन समोरच बसली.

"सांगा, यंदा काय केलंत?"

"काम."

तिनं लिहिलं, काम. "पुढं?"

"पुढं काय? तेच."

"अहो, बोलेल त्याची बोरं विकतात."

"मी काय बोरं विकतो?"

"बोरं विकली असती तर बरं झालं असतं, निदान गल्लीत ओरडायला तरी शिकला असता." तिनं पेनाला टोपण लावलं. "हवंय का नको ते तरी सांगा."

हवंय म्हणायला माझी जीभ उचलेना. मागून मिळालेलं मला कधीच गोड लागलं नाही. लहानपणीसुद्धा ताटात वाढलं नाही तर मी तसाच उठायचो. बायकोनं मग स्वतःच्याच मनानं आठ ओळी लिहिल्या. मी वाचल्या नाहीत, सही केली.

त्याच सुमारास खंडेनवमी आली. इकडं तिला आयुधपूजा म्हणतात, आणि कारखान्यांत तिच्याएवढा मोठा सण नाही. मशिनी धुवायच्या, कुंकू, झेंडू, दाराला केळीचे खांब, कोहळा फोडायचा. घरची माणसंही येतात. आमच्या शेडमध्ये एक रीत होती. पूजा झाली की ज्यानं त्यानं आपण केलेल्या कामाजवळ उभं राहायचं. मालक एका टोकापासून निघत, प्रत्येकाच्या हातात चुरमुऱ्यांची पिशवी आणि नारळ देत, दोन शब्द बोलत. कोणतं काम कुणाच्या हातचं, हे त्यांना वर्षातून त्या एका दिवशी कळायचं. आणि बावीस वर्षांत मी एकदाही उभा राहिलो नव्हतो. मी मागच्या नळावर स्क्रेपर धूत असायचो. माझी पिशवी तिथं पाठवावी लागायची. मालकाला आपली पिशवी पाठवावी लागते, यात मला मोठेपणा वाटायचा, खरं सांगतो.

त्या वर्षी पूजेला एक मोठं गिऱ्हाईक येणार होतं. त्यांना दाखवायला एक बेड पुढं मांडायचा ठरला. मॅनेजरनी सगळे तपासले आणि माझा निवडला. मी वरून काही दाखवलं नाही, पण त्या दिवशी डबा दोनदा खावा अशी भूक लागली. मग ते म्हणाले, "काका, यावर चंद्रकोरी मारा. पाहुण्यांना आवडतात."

"नाही."

"अहो, एका दिवसाचं काम."

"माझ्या बेडवर नक्षी नाही."

"मग दुसऱ्याला सांगू?"

"सांगा."

हा एक शब्द. तो शब्द मी अजून कितीदा तोंडात फिरवतो, ते माझं मला माहीत. धारवाडवाल्यानं एका दिवसात माझ्या बेडवर चंद्रकोरी घातल्या. हलक्या हातानं घातल्या, माझी पातळी बिघडवली नाही. तो कारागीरच होता.

पूजेच्या दिवशी बायको हिरवी साडी नेसून आली. "आज तरी उभं राहा," म्हणाली. मी हो म्हटलं आणि नळावर गेलो. सवयीनं गेलो म्हणा, की त्या चकचकीत बेडजवळ उभं राहायला लाज वाटली म्हणा. तीस पावलांवरून सगळं दिसत होतं. बेडजवळ धारवाडवाला उभा. मालक आले, गिऱ्हाईक आलं, त्यानं बेडवरून तळवा फिरवला, वाकून उजेडाच्या रेषेत बघितलं आणि विचारलं, हे कुणी केलं? कन्नडमध्ये विचारलं, पण तेवढं कन्नड मला माझ्या नावासारखं येतं.

धारवाडवाल्यानं माझ्याकडं बघितलं.

बायको नळावर येऊन माझी बाही ओढायला लागली. "अहो, जा की!"

"त्याला माहीत आहे कुणाचं ते. तो सांगेल."

"तो कशाला सांगेल? तोंड तुमचं का त्याचं?"

मी पाठ फिरवली आणि धुतलेल्या हातांना पुन्हा साबण लावला. वळून बघितलं तेव्हा मालकांचा हात धारवाडवाल्याच्या खांद्यावर होता.

आठवड्यानं फोरमन म्हणून त्याचं नाव लागलं. मॅनेजर मला म्हणाले, "काका, मी तुमचं सांगितलं होतं. पण मालक म्हणाले, हे कोण, मला चेहरा आठवत नाही." बावीस वर्षं! त्या आठवड्यात मी बसनं हेब्बाळच्या तळ्यापर्यंत जाऊन आलो. तिथंही पाच मिनिटं बसवलं नाही.

धारवाडवाला जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ आला. तो मराठी बोलायचा, तिकडच्या हेलात.

"अण्णा, राग आलाय?"

"माझा बेड होता."

"होता. मी कुठं नाही म्हणतो? तीनदा बघितलो तुमच्याकडं. एकदा मान हलवला असता, तर मी म्हणालो असतो, ते बघा, ते. तुम्ही पाठ केलात. पाठीकडं बोट कसं करू, अण्णा?"

"काय सांगितलंस त्यांना?"

"चंद्रकोरी मी घातलो म्हणून सांगितलो. खोटं नाही. खाली कोण केलं, ते कुणी विचारलंच नाही."

"विचारायला हवं होतं."

"हवं होतं," तो म्हणाला. "स्वल्प तुम्हीबी सांगायला हवं होतं."

मी डबा बंद केला. त्याच्याशी चार महिने कामापुरतं बोललो. तो वाईट फोरमन नव्हता, हेच जास्त लागायचं. वाईट असता तर घरी जाऊन बायकोला सांगता तरी आलं असतं.

पुढच्या खंडेनवमीला मी बेडजवळ उभा राहिलो. मिळण्यासारखं आता काही नव्हतं, जागा गेलेली. तरी आठ दिवस आधीपासून एक वाक्य कन्नडमध्ये घोकत होतो. समोरचा बेड माझाच, साधा, वर काही नाही. शेजारी बायको. मालक आले, नारळ दिला, पिशवी दिली, आणि पुढच्या माणसाकडं गेलेसुद्धा. विचारलं काहीच नाही. गळ्यापर्यंत आलेलं वाक्य परत गिळत होतो. तेवढ्यात बायकोनं कोपर मारलं, चांगलं जोरात.

"साहेब," मी त्यांच्या पाठीला म्हणालो. आवाज इतका मोठा निघाला की कोहळा फोडणारे थांबले. "हा बेड मी केला. सगळा मीच."

मालक मागं आले. माझ्या तोंडाकडं बघितलं, बेडवरून हात फिरवला. "मग याच्यावर नक्षी का नाही?"

आता मी एकच वाक्य पाठ केलं होतं. दुसरं तयार नव्हतं. बायको खाली बघायला लागली.

तेव्हा मागून फोरमन बोलला. "यांच्या बेडला लागत नाही, सर. गेल्या वर्षीचा तोही यांचाच होता. मी नुसता वरून चमकवला."

मालकांनी पुन्हा माझ्याकडं बघितलं. "सरी," म्हणाले, म्हणजे ठीक, आणि पुढं गेले. एवढंच. पण जाताना त्यांनी माझा चेहरा बघितला होता, तो पुरता.

मी नळाकडं जायला वळलो आणि थांबलो. धुवायचं काही नव्हतं. मग तिथंच बेडवर पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या एकेक उचलत राहिलो, हातांना काहीतरी हवं म्हणून.