पाणीसाहेबाची मिशी

साखऱ्याचा लखमा बहुरूपी. आज फौजदार, उद्या डॉक्टर. दम देऊन समोरच्याला घाम फोडायचा आणि शेवटी खदखदून हसत झोळी पसरायची, हा त्याचा पिढीजात धंदा. न हसता, न मागता निघून गेला तर तो बहुरूपी कसला?

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात सरपंच किसनरावांनी गावच्या विहिरीला खेटून बोअर घ्यायचं ठरवलं. विहीर आटली असती तर लखमाच्या बायकोला, यशोदाबाईला, शेळ्या विकाव्या लागल्या असत्या. त्या शेळ्यांवर तिचा नवऱ्यापेक्षा जास्त जीव, हे लखमालाही मान्य होतं.

कळमनुरीला एका शिबिरात भूजलखात्याच्या साहेबानं जमिनीखालचं पाणी समजावून सांगितलं होतं. लखमानं ते डोक्यात तर घेतलंच, साहेबही उचलला. तसाच सफारी, तसाच गॉगल, डिंकानं चिकटवलेली तशीच झुपकेदार मिशी. पारावर ताकाचा तांब्या ठेवून त्यानं पपईच्या देठाच्या दोन नळ्या आत सोडल्या. आखूड स्वतःला, लांब किसनरावांना.

"हं, ओढा!"

थोड्याच वेळात लखमाची नळी नुसती सुरसुरायला लागली. किसनराव आपले पिताहेत.

"माही नळी म्हंजे गावची हीर, तुमची म्हंजे बोअर. तांब्या एकच हाय, सरपंच!"

गाव हसून लोळलं. किसनरावांनी उठून त्याची मिशीच उपटली. हशा दुप्पट झाला आणि बोअर ठरलेलं ते ठरलेलंच. लखमाला ते फार लागलं.

आठवड्यानं खरा साहेब विहिरीचं पाणी मोजायला आला.

"लखमा, पुन्यांदा आलास व्हय?" म्हणत किसनरावांनी मिशी धरली. निघेना. जोर लावला. साहेब असा केकाटला, की पारावरचे कावळे उडाले. "बघून घेतो एकेकाला," म्हणत तो जीपमध्ये बसला.

बोअरची गाडी आली त्या दिवशी सफारीवाला पुन्हा विहिरीवर उभा. किसनरावांची नजर वर होईना, हात पाठीमागे घट्ट. घामानं मिशीचं एक टोक सुटून ओठावर लोंबत होतं. साऱ्या गावाला ते दिसत होतं. कुणी हसलं नाही, कुणी बोललं नाही.

"गाडी वापस न्या," किसनराव पुटपुटले.

लखमा न हसता, न मागता घरी आला.

"काहून, झोळी रिकामीच?" यशोदाबाईनं विचारलं.

तो काही सांगणार, तोच विहिरीवरून परतणाऱ्या बाया दारात थांबू लागल्या. एकेक जण पसाभर ज्वारी झोळीत टाकून, तोंडाला पदर लावून पुढं जाई. शेवटी सूपभर ज्वारी घेऊन गंगूताई आल्या, किसनरावांच्या कारभारीण.

"आमच्या ह्यांना सांगू नका, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "अन् पुढच्या खेपेला डिंक जरा चांगला लावा."