तानीदाजींचं यंत्र आणि निमियाचं तोंड

तानीदाजींचा कशावरच विश्वास नव्हता, आणि मला अजून छळतं ते हेच. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला आमच्याकडे उसाच्या दारूत सतापाचा पाला टाकून घोटभर घेतात, म्हणजे तो वाईट महिना माणसाला नेत नाही. दाजी दारू प्यायचे आणि सताप कोंबड्यांना टाकायचे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. टेलिफोनच्या तारा ओढण्यात त्यांची तीस वर्षं गेली, आणि काम सुटल्यावर त्यांनी धातू शोधायचं यंत्र घेतलं. ताई म्हणाली, "या वयात लोक नातवंडं खेळवतात. तुम्ही या यंत्राची चकती खेळवा!"

आमच्या पिरिबेबुई गावाकडे हे वेड घरोघरी आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या लढाईत पळताना लोकांनी घरातली चांदी भिंतींच्या कडेला पुरली आणि परत आलंच नाही कुणी. त्यामुळे जुनं घर म्हटलं की भोवती खड्डे आलेच. दर दोन-चार वर्षांनी एखादा त्या खड्ड्यातच गाडला जातो. म्हणून भिंतीपासून वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरून होईल एवढी, जागा सोडून खणायचं, एवढं पोरासोरांनाही कळतं.

अकरा वर्षांत दाजींना काय मिळालं? घोड्यांचे नाल, बंदुकीच्या गोळ्या, शिपायांची बटणं आणि काठावर दातांच्या खुणा असलेलं एकच चांदीचं नाणं. ते ताईनं शिवणाच्या डब्यात टाकलं. एक हंडा सापडला की यंत्र खुंटीला टांगीन, असं दाजी म्हणायचे. पण शेवटच्या दोन वर्षांत त्यांचा डावा कान गेला आणि उजवाही त्याच वाटेवर होता. चांदीला यंत्र बारीक वाजतं, लोखंडाला घोगरं. तेवढ्यावर तर सगळा खेळ!

मग एक दिवस त्यांनी नियम काढला. खणताना कुणी शब्द उच्चारला तर चांदी जमिनीत आणखी खोल सरकते.

"हे कुणी सांगितलं, दाजी?"

"मीच, आत्ताच. लोक बडबडतात, मला वाजलेलं कळत नाही. कान गेलाय म्हणून दवंडी पिटू का?"

आम्ही दोघं पोट धरधरून हसलो. सहा महिन्यांत गावातले म्हातारे शपथेवर सांगू लागले की हा नियम त्यांच्या आज्याच्या वेळेपासूनचा आहे.

निमिया शर्टांवर भरतकाम करून पोट भरते. तिचं घर लढाईच्याही आधीचं, कच्च्या विटांच्या जाड भिंतींचं. आणि तिचं तोंड! झोपेतही बंद होत नसेल. त्या ऑगस्टात तीन दिवस पाऊस लागला होता आणि तिची मागची भिंत गुडघाभर ओली झाली होती. दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना आम्ही गेलो.

"निमिया, गप्प बसणार असशील तरच यंत्र लावतो," दाजी म्हणाले.

"मी कधी बोलते हो, तानीकाका? आमच्या शेजारणीला जाऊन विचारा, ती तर..."

"हे बघ, सुटला पट्टा!"

"बरं बाई, नाही बोलत. जीव गेला तरी नाही बोलणार."

तिनं तेरेरे, म्हणजे आमचा पाल्याचा गार चहा, प्यायची नळी दातांत घट्ट धरली आणि अंगणात उभी राहिली.

यंत्र वाजलं ते अगदी भिंतीच्या पायाशी. मला ते घोगरं वाटलं. मी म्हणालो, "दाजी, लोखंड असेल. आणि भिंतीपासून वावभर तरी..."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि निमियाला डोळा मारला. "सरकली बघ वीतभर, या शहाण्यामुळे!"

मी पुढे बोललो नाही. निमियासमोर त्यांचा कान उघडा पाडायचा नव्हता मला. नको तिथे लाज राखली.

ते छातीइतके खाली गेले आणि भिंतीखाली कोरू लागले. मी मातीची बादली संत्र्याच्या झाडाखाली ओतून वळलो. निमियाच्या दातांतली नळी खाली पडली होती. एका हातानं तिनं तोंड दाबून धरलं होतं, दुसरा हात भिंतीकडे. डोळे एवढाले. मला वाटलं, हिला चांदी दिसली. मी मेला तिच्याकडे पाहून हसलो!

भिंत पडली नाही, बसली. थकलेली बाई बसते तशी, खड्ड्यावर.

गाव उठलं, सगळ्यांनी हातांनी माती उपसली. दाजींना काढलं तेव्हा त्यांच्या पायाखाली बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव होती. कान शाबूत असता तर त्यांनी फावडंही लावलं नसतं.

दाजींच्या मागे नऊ दिवस मयताच्या प्रार्थना झाल्या. निमिया रोज कोपऱ्यात बसायची, तोंडातून अक्षर नाही. नवव्या दिवशी तिनं मला परसात गाठलं.

"विल्फ्रिदो, भिंतीतली भेग मी पाहिली होती रे. वरून खाली येताना पाहिली. पण काका म्हणाले होते ना, म्हणून नाही बोलले. एक शब्दही नाही काढला. मग चांदी का नाही निघाली?"

खरं सांगितलं असतं तर ती जगली नसती.

"मी बोललो होतो ना सुरुवातीला," मी म्हणालो. "माझ्यामुळे सरकली."

तिनं मोठा श्वास सोडला आणि माझा हात धरून रडली. संध्याकाळपर्यंत ती गावभर सांगून मोकळी झाली.

आता आमच्याकडे खणताना कुणी चकार शब्द काढत नाही.