इंजिनाला आणखी एक हात

सुजाताचा फोन आला तेव्हा मी इंदिरानगरच्या कट्ट्यावर तिच्या वडिलांच्याच, म्हणजे माझ्या मधूच्या गोष्टी सांगत होतो. मधू सातपूरला शिंकला की इथली कुत्री उठून बसतात, असं काहीतरी चाललं होतं. ‘‘काका, बाबा गेले,’’ ती म्हणाली. मी फोन खिशात ठेवला आणि... गोष्ट पूर्ण केली. लोक हसले. दुसरं काय करायचं ते सुचलंच नाही.

मधू म्हणजे बागेत शोभेला ठेवलेल्या वाफेच्या इंजिनाचा मधू. त्याचे वडील इगतपुरीला फायरमन, याच इंजिनात कोळसा मारलेले. ते पुन्हा एकदा वाफेवर यावं, निदान त्याची शिट्टी ऐकावी, यासाठी मधूने निवृत्तीनंतरची सगळी वर्षं वर्गणी मागण्यात घातली. तो मागायचा, मी थापा मारायचो. ड्रायव्हरचा डोळा लागला तरी हे इंजिन चहाच्या वासाने इगतपुरीला आपोआप थांबायचं. घाटात बिबट्या आडवा आला तर शिट्टी वाया न घालवता नुसतं खाकरायचं... कारखानदार पोट धरून हसायचे आणि पाकीट काढायचे. पण अट प्रत्येकाची तीच, पैसे रंगासाठी. बॉयलर आतून सडलाय, तो आधी उघडायला हवा, असं मधू गयावया करून सांगायचा. ‘‘अहो, आतलं कुणाला दिसतंय?’’ देणारे म्हणायचे. मग काळा रंग, लाल पट्टा, देणगीदाराचं नाव, नारळ, फोटो. आम्ही दोघं वाळत गेलो, इंजिनाने मात्र रंगावर रंग चढून बाळसं धरलं.

मधूजवळ एक छोटी हातोडी असायची. दर रविवारी तो बॉयलरभर ठोकत फिरे. टण्ण वाजलं तर पत्रा जिवंत, थप वाजलं तर गेला. टण्ण कमी कमी होत गेलं. ‘‘थापाड्या, तुझ्या गोष्टीच तेवढ्या धावतायत रे,’’ तो एकदा म्हणाला.

दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा मी ठोकून दिलं, ‘‘मधू, बॉयलर पास झाला. परवा वाफ धरतायत.’’

त्याने डोळे उघडले. ‘‘पाणी भरलं? गळलं नाही कुठे?’’

‘‘थेंब नाही.’’

‘‘मग ते आपलं नव्हे. दुसऱ्याच कुणाचंतरी असेल...’’ तो हसला, खोकला आणि भिंतीकडे वळला.

शोकसभेत त्याच्या स्मरणार्थ भरपूर पैसे जमले. त्याची इच्छा पूर्ण करायची, असं सगळ्यांनी हात वर करून ठरवलं. मी म्हणालो, बॉयलर. एकजण माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, ‘‘बघू हो काका, पुढे. आत्ता रंग देऊन घेऊ, या वेळी चांगल्यातला.’’ जन्मात पहिल्यांदा मला एकही गोष्ट आठवली नाही.

काल सुजाताने ती हातोडी माझ्या हातात दिली. मी बागेत गेलो. इंजिनावर मधूचं नाव पांढऱ्या अक्षरांत झळकत होतं. पुढून मागेपर्यंत ठोकत फिरलो... थप, थप, थप. नावाच्या शेजारी ठोकलं, तर आवाजच आला नाही. तिथला रंग अजून ओला होता.

हातोडीचं टोक काळं झालंय. मी ते पुसलेलं नाही.