कुलकर्णींचा आर्म आणि पाटलांची पट्टी

सुकापूरला युसूफभाईंच्या गॅरेजात दर रविवारी सकाळी आम्ही जुन्या गाड्यांचे शौकीन जमतो. गाड्या कमी सुधारतात, किस्से जास्त होतात. बहुतेक किश्शांना कारण एकच: अर्धवट वाचलेलं ज्ञान!

कुलकर्णी एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर. त्यांची जुनी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार. एका रविवारी आल्या आल्या म्हणाले, "युसूफभाई, सस्पेन्शनचे आर्म वीक आहेत. पट्टी वेल्ड करून रीइनफोर्स करायचेत."

आर्म म्हणजे चाक चॅसीला, गाडीच्या सांगाड्याला, धरून ठेवणारा लोखंडी हात. युसूफभाई पंधरा वर्षं मस्कतला गाड्यांखाली झोपलेला माणूस. त्यांनी विचारलं, "रेसला जाता काय, जनाब?"

"छे! घर ते इथं."

"मग पट्टी कुणासाठी? भाजीवाल्याला ओव्हरटेक करायला?"

*

कुलकर्णी गप्प बसतील तर शपथ! त्यांनी जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर प्रश्न टाकला. दिवसभर मेसेजेसचा पाऊस. 'पट्टी मारा', 'मारू नका', आकृत्या, शिव्या. दोघे तर ग्रुप सोडून गेले. संध्याकाळी सगळ्यात जास्त सल्ले देणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, "बाय द वे, गाडी कुठली?"

*

मग आवाज सुरू झाला. डावीकडे वळलं की मागून 'धप्प'.

"आर्म फ्लेक्स होतोय, वाकतोय. मी सांगत होतो!" कुलकर्णींचा चेहरा उजळला. बिघाड सापडल्याचा एवढा आनंद मी कुणाला झालेला पाहिला नाही.

युसूफभाईंनी डिकी उघडली. आत दसऱ्याच्या पूजेचा नारळ!

"साहेब, हा फ्लेक्स होत नाही. फोडावा लागतो."

*

दुसऱ्याला हसताना माझंही सांगतो. युसूफभाई नको नको म्हणत असताना मी सस्पेन्शनच्या सांध्यांतले, धक्के झेलणारे रबरी बुश काढून कडक प्लास्टिकचे बसवले. गाडी म्हणे रस्त्याला चिकटते. बायकोला घेऊन उरणला गेलो. वाटेत ती मला खूप बोलली. पण गाडी एवढी हादरत होती, की प्रत्येक शब्दाचे चार तुकडे होऊन येत होते. तिनं काय सुनावलं ते मला आजही ठाऊक नाही!

*

पाटलांची तऱ्हाच निराळी. करंजाला त्यांच्या दोन बोटी. कुलकर्णींचं ऐकून त्यांनी आपल्या पिवळ्या टू-सीटरच्या आर्मना बोटीच्या वेल्डरकडून जाडजूड पट्ट्या मारून घेतल्या. युसूफभाईंना विचारलंसुद्धा नाही.

"आता हाय मजबूत! समुद्रात पन चालंल!"

त्यांच्या मिसेस एकदाच त्या गाडीत बसल्या. उतरल्या आणि कंबर धरून म्हणाल्या, "मंग समुद्रातच न्या. मी रिक्षानं येते."

*

महिन्याभरात पाटलांचा फोन आला. आवाज ओळखू येईना. मी आणि युसूफभाई न्हावा शेव्याच्या रस्त्यावर धावलो. पाटील दुभाजकावर बसलेले. भरधाव गाडी खड्ड्यात आदळली होती. पट्टी मारलेला आर्म जसाच्या तसा. पण तो जिथे चॅसीला धरतो तिथला पत्राच फाटून चाक आडवं झालेलं. मागचा कंटेनर ट्रेलर हातभर अंतरावर थांबला, म्हणून पाटील शिल्लक होते.

युसूफभाई एवढंच म्हणाले, "साधा आर्म असता तर वाकला असता. दुपारपर्यंत नवा टाकला असता. चॅसी कुठून आणू?"



पुढच्या रविवारी ती गाडी गॅरेजात उभी होती. कुलकर्णी टॉर्च घेऊन खाली शिरले. अर्धा तास फाटलेला पत्रा निरखून, गंभीर चेहऱ्यानं बाहेर आले. मला वाटलं, चला, एक माणूस शहाणा झाला!

"युसूफभाई," ते म्हणाले, "चॅसीलाच आतून पट्टी मारली तर?"

युसूफभाईंनी हातातला पाना खाली ठेवला.

"मारू की. मग आर्म तुटणार नाही, चॅसीपण तुटणार नाही. खड्डा तर राहणारच. मग गाडीत तुटायला कोण उरलं, साहेब?"

कुलकर्णींनी घाईघाईनं खिशातून पेन काढलं.

"थांबा, थांबा! हा पॉइंट लिहून घेतो!"