बातमीदाराच्या पाठीमागचा रस्ता

जगातलं कुठलं सरकार टिकणार आणि कुठलं कोसळणार, हे आमच्या मामासासऱ्यांइतकं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा नसेल. ते खरं निघायचंच असं मात्र नाही. मामांची हयात श्रीपूरला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या मोजण्यात गेली. तिथली सवय निवृत्तीनंतर त्यांनी टीव्हीला लावली. बातम्या लावायच्या आणि आवाज बंद करायचा. "ड्रायव्हर काय बडबडतोय ते काट्यावर कोन ऐकतं? ट्रॉलीत काय हाय ते बघायचं की," असं म्हणत ते बातमीदाराला सोडून त्याच्या पाठीमागचा रस्ता न्याहाळत बसायचे. दुकानं उघडी दिसली, तर राज्य स्थिर. एकदा कुठल्याशा देशातली बंद शटरं बघून त्यांनी तिथलं सरकार पाडलं आणि चहाच्या टपरीवर तसं जाहीरही करून आले. नंतर कळलं, त्या दिवशी तिथे बाजाराला सुट्टी होती. "मग सुट्टीच्या दिवशी बातम्या द्यायच्याच कशाला?" म्हणून मामा बातमीदारावरच चिडले.

या खुळाची मी पोटभर चेष्टा करायचो. मग आमची मुलगी सायली जिथे डॉक्टरकी शिकते, त्याच देशात सरकार उलटलं. तिथलं इंटरनेट बंद, पोरीचा फोन लागेना, आणि आमच्या टीव्हीवर एकच बस सकाळपासून जळत होती. निवेदक असा किंचाळत होता, जणू काडी त्यानेच लावली असावी. बायकोने अन्नपाणी सोडलं. मी तिचा नंबर पुन्हा पुन्हा लावत होतो. मामा आले, त्यांनी आधी टीव्हीचा आवाज बंद केला, माझ्या मोबाईलवर तिथले रस्ते थेट दाखवणारं एक परदेशी चॅनेल लावायला लावलं आणि आमच्या दोघांच्या मधे बसले.

"जावईबापू, त्याच्या तोंडाकडं बघू नगा, मागं बघा. बाया पावासाठी रांगेत हुब्या हायत का न्हाय? रांग हाय म्हंजे गाव जाग्यावर हाय. सरकार पडलंय, गाव न्हाय पडलं."

डोळे भरलेले, मला कुठलं काय दिसतंय! मामा म्हणतात म्हणजे असेल रांग, असं धरलं. बायको उठली, पिठलं-भाकरी केली, आम्ही तिघं जेवलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सायलीचा फोन आला. पोरगी सुखरूप होती. मी मामांचे पाय धरले. "तुम्ही होतात म्हणून निभावलं," म्हटलं.

मामा चष्मा पुसत बसले. "मला तरी कुटं दिसत व्हती रांग? मोबाईलवरचं येवढं बारीक मला दिसतच न्हाय. भाचीच्या पोटात दोन घास जावंत, येवढंच बघितलं."

मामा आता अकलूजला मुलाकडे असतात. जगात कुठे काही पेटलं की मी त्यांना फोन लावतो. हल्ली ते सरकारांचं काही बोलत नाहीत. "जेवनं झाली का?" एवढंच विचारतात, आणि मला बरं वाटतं.