अप्पांची मात

गुरुलिंगअप्पा डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवायला लागले, की समोरच्याने ओळखावं, आता उत्तर लवकर मिळत नाही. बिदरजवळच्या आमच्या कल्याणी गावच्या बाजारात तेव्हा कुणी कुणाला काहीही विचारलं तरी उत्तर ठरलेलं असे, "बघू." बघू म्हणजे नाही, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक आणि ऐकणाऱ्यालाही, तरी दोघं समाधानाने आपापल्या घरी जात. अप्पांच्या तोंडी हा शब्द नव्हता. रुमाल मांडीवर, नजर रस्त्यावर. विचारणारा पलीकडे जाऊन चहा पिऊन आला तरी अप्पा तसेच बसलेले. मग एकदम रुमाल डोक्याला गुंडाळत ते एक तर म्हणत, "न्हाई जमत," नाहीतर म्हणत, "जा. मात दिली."

अप्पांच्या घरात कानडी आणि मराठी एकाच चुलीवर शिजत. कानडीत मात म्हणजे बोल, शब्द. अप्पा तोच शब्द उचलून मराठीत घालत आणि ‘शब्द दिला’च्या ऐवजी ‘मात दिली’ म्हणत. बाजारातल्या मराठी आणि दखनी बोलणाऱ्यांना मात ठाऊक ती बुद्धिबळातली, म्हणजे हार. त्यामुळे टिंगलीला आयतं निमित्त मिळे. "काय अप्पा, आज कुनाला मात दिली?" कुणी ओरडे. दुसरा म्हणे, "दिली का खाल्ली?" अप्पा हसून सांगत, "जो देतो त्याच्यावर खायची पाळी येत न्हाई, लेका." कितीही हसले तरी त्यांनी तो शब्द सोडला नाही. मला वाटतं, हार आणि वचन यांच्यात फार अंतर नसतं हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. पुढे झालं.

मी मराठी शाळेत मास्तर होतो. आमच्या शाळेची मागची भिंत आणि अप्पांच्या तेलाच्या गिरणीची भिंत एकच. मंठाळकडे जाणाऱ्या रस्त्याला, निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर, ही गिरणी उभी राहिली; अप्पा आणि माणिकराव असे दोघे भागीदार. करडईचा हंगाम सुरू झाला की तेलाच्या इंजिनाचा ठोका दिवसभर चाले आणि आमची मुलं पाढेसुद्धा त्याच ठेक्यात म्हणत. इंजिन अडखळलं की पाढाही अडखळे. इंजिन सांभाळायला इस्माईल होता. त्या दिवसांत माणसं एकमेकांच्या डोळ्याला डोळा भिडवायला कचरत होती. इस्माईलला कामावर ठेवू नका, असं अप्पांना बऱ्याच जणांनी सुचवलं. अप्पांनी रुमाल मांडीवर घेतला, पुन्हा डोक्याला बांधला आणि त्याला ठेवला. "इंजानाला जात कळत न्हाई," म्हणाले, "त्याला तेल कळतंय, आन् हाताची सवय कळतीय."

तो हातच गेला. इंजिनाच्या चाकावरून घाण्यांकडे जाणारा लांब पट्टा होता आणि त्याच्या कडेने लाकडी कठडा. तेल पिऊन पिऊन ते लाकूड आतून कुजलं होतं, आणि ते कुणालाच कळलं नाही. पट्टा घसरत होता म्हणून इस्माईल राळ लावायला वाकला, कठड्यावर भार दिला, कठडा मोडला. आमचा वर्ग चालू होता. ठोका थांबला आणि माणसांचा आवाज सुरू झाला. बिदरच्या दवाखान्यात उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

अप्पा इस्माईलच्या आईकडे गेले तेव्हा मी बरोबर होतो. फातिमाबी अंगणात बसली होती. रडून झालेलं होतं. अप्पांनी रुमाल काढला तो मांडीवर ठेवला नाही, हातातच धरला. "अम्मा," ते म्हणाले, "त्याच्या घरी ज्वारी कमी पडनार न्हाई. आन् पट्ट्याला लोखंडी जाळी बसल्याबिगर इंजान चालू व्हनार न्हाई. मी मात देतो."

म्हातारीला कानडी येत नव्हती. तिने मान वर केली आणि शांतपणे म्हणाली, "मात तो हो गई, अप्पा. अब्बी जबान देओ."

हार तर झालीच आहे, आता शब्द द्या. इतकी वर्षं बाजार ज्या शब्दावर हसला, त्याला त्या अंगणात कुणी हसलं नाही.  अप्पा म्हणाले, "जबान दिया, अम्मा." एवढं एक वाक्य त्यांनी तिच्या भाषेत सांगितलं.

जाळी काही फार मोठी गोष्ट नव्हे, असं आज वाचणाऱ्याला वाटेल. पण तेव्हा लोखंड परवान्याशिवाय मिळत नसे. सोलापूरच्या कारखान्याने सांगितलं, परवाना आणा, जाळी घ्या. परवान्यासाठी अर्ज बिदरला गेला, बिदरहून हैदराबादला, आणि हैदराबादेत तो कुठे बसला ते त्या हैदराबादलाच ठाऊक. अप्पा खेटे घालत राहिले. साहेब म्हणत, "बघू."

इकडे करडई येऊन पडत होती. माणिकराव वाईट माणूस नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण अशा गोष्टीत एकाला देव केलं की दुसऱ्याला राक्षस करायचा मोह होतो. ते गिरणीच्या ओट्यावर अप्पांची समजूत घालत होते. "अप्पा, नवा सागवानी कठडा लावू. पोरं सांभाळून काम करतील. गिरणी चालली तर इस्माईलला दोन घास घालता येतील, बंद पडली तर आपनच कुनाच्या दारात जायचं? माल सगळा दुसरीकडं चाललाय."

अप्पा म्हणाले, "नफा घरात येतो, माणिकराव. मग घाम दाराभाईर कामून ठिवायचा?"

"मी कुठं दाराभाईर ठेवायलोय?"

"लाकूड आदी बी व्हतं. लाकडानंच दगा दिला. आता ठावं असून लाकूड लावलं, तर दगा लाकडाचा न्हाई. आपला."

माणिकरावांनी करडईच्या पोत्यांकडे बोट दाखवलं. पोत्यांकडे बोट दाखवायला उत्तर लागत नाही.

मी हैदराबादेत शिकताना नीतिशास्त्र घेतलं होतं. आमच्या भागात त्याचा उपयोग कधी झाला नव्हता, म्हणून हौसेने अप्पांना एकदा सांगितलं. म्हटलं, पंडितांमध्ये दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, ज्यात जास्तीत जास्त लोकांचं भलं ते करावं. दुसरा म्हणतो, फळ काय मिळतं ते बघूच नये, कर्तव्य ते कर्तव्य. अप्पांनी रुमाल मांडीवर घेतला. 

"पैल्या पंडिताला पट्ट्यापाशी हुबं करा," ते म्हणाले, "आन् दुसऱ्याला दोन दिवस उपाशी ठिवा. मग इचारा." रुमाल बांधता बांधता ते थांबले. "दुसरा तर मीच की, मास्तर. पन मी जेवून आलोय."

हे ते उगाच म्हणाले नव्हते. सकाळीच गिरणीत करडई पाखडणाऱ्या बायका त्यांच्या दारात येऊन गेल्या होत्या. पुढे काशीबाई होती. तिचं बोलणं माझ्या कानात अजून आहे. "अप्पा, इंजान चालू करा. त्येचा हात गेला, लई वाईट झालं. पन आमचं पोट जायलंय. जाळी तुमच्या मनाला पायजे. आमाला काम पायजे."

अप्पा तिच्याशी वाद घालू शकले असते. तुझ्याच पोराला उद्या पट्ट्यापाशी उभं करतील, असं म्हणू शकले असते. त्याऐवजी त्यांनी आपल्या घरचं ज्वारीचं पेव उघडलं आणि गिरणीच्या माणसांना वाटायला सुरुवात केली. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार, घराचा शेवटचा आधार. दुष्काळ आल्याशिवाय कुणी त्याचं तोंड उघडत नाही. घरातून विरोध झाला. अप्पा म्हणाले, "बंद मी केलंय. मग उपास त्यांनी कामून काढायचा?" पण एका घरचं पेव किती पुरणार? ते संपलं आणि परवाना आला नाही. आधी हमाल पांगले. मग एके दिवशी काशीबाई नवरा-पोरांसह सोलापूरच्या कापडगिरण्यांकडे निघाली. निघण्याआधी ती अप्पांच्या पाया पडायला आली, राग धरून नव्हे, रीत म्हणून. तो नमस्कार अप्पांना फार लागला. पुढे कितीतरी वेळा ते मधेच विचारत, "काशीचं काही कळलं का, मास्तर?" काही कळलं नाही. ती माणसं परत आलीच नाहीत.

हंगाम हातचा गेला आणि भागीदारी मोडली. गिरणी माणिकरावांकडे गेली. त्यांनी सागवानी कठडा लावला आणि इंजिन सुरू केलं. आमची मुलं पुन्हा ठेक्यात पाढे म्हणू लागली.

आणि मग काय झालं? काहीच झालं नाही. हे सांगताना मी दर वेळी थकतो. ऐकणारा वाट बघत असतो की आता दुसरा अपघात होईल, गावाला पश्चात्ताप होईल, अप्पा खरे ठरतील. तसं काही घडलं नाही. हंगाम आले, गेले. सागवानी कठडा उभा राहिला, कुणाचं नखही दुखावलं नाही. बाजार म्हणू लागला, "अप्पानं उगं घर बुडवून घेतलं." मी एकदा न राहवून त्यांना हे बोललो. ते म्हणाले, "काही झालं न्हाई ह्याचा आनंद हाय मला, मास्तर. पन झालं न्हाई म्हनून ते बरुबर व्हत न्हाई. नशीब फिरलं न्हाई एवढंच." अप्पांच्या जागी मी असतो तर एखाद्या लहानशा अपघाताची मनातल्या मनात इच्छा केली असती. त्यांनी केली नाही, हे मी खात्रीने सांगतो.

त्यांनी घराच्या मागे बैलाचा जुना लाकडी घाणा सुरू केला. बैल हाकायला इस्माईल. एका हाताने ते काम होत असे. तेल थोडं निघे, गिऱ्हाईक थोडं येई. दुपारी बैल थांबला की दोघं लिंबाखाली बसत. "इंजान थकत न्हाई, म्हनून मानसाला मारतंय," अप्पा म्हणत. "बैल थकतोय. तवा मानसालाबी बसाय मिळतंय." पण थकलेले तेच दिसत. पूर्वी रुमाल काढून विचार करत, आता रुमाल काढून नुसतेच बसत.

हैदराबाद राज्य मोडणार हे नक्की झालं, तेव्हा बाजारात दुसरा विषय उरला नाही. कोण कुठल्या राज्यात जाणार, शाळेतल्या फळ्यावर कुठली अक्षरं येणार. कचेऱ्यांमधून कपाटं आवरली जात होती. त्या आवराआवरीत कुठल्यातरी कपाटातून अप्पांचा परवाना निघाला. एवढं मोठं राज्य मोडलं, तेव्हा एक जाळी सुटली.

अप्पांनी जाळी सोलापूरहून आणवली, बैलगाडीत घातली आणि सरळ माणिकरावांच्या गिरणीवर नेली. मी वर्ग सोडून बाहेर आलो. माणिकराव दारात उभे. "अप्पा, आता कशाला? गिरनी तुमची न्हाई, आन् एवढ्या वर्सांत काही झालं बी न्हाई."

"गिरनी तुमची," अप्पा म्हणाले. "मात माजी व्हती."

माणिकराव गाडीतल्या लोखंडाकडे बघत राहिले. मग आत वळून ओरडले, "इंजान बंद करा रे." भर दुपारी ठोका थांबला. वर्गात पाढे म्हणणारी मुलं मधेच गप्प झाली. जाळी बसली.

कल्याणी कानडी राज्यात गेली आणि मी लातूरकडे बदली घेतली. मराठी शाळांच्या मास्तरांना ते सोयीचं होतं. अप्पा गेल्याचं तिकडेच कळलं. म्हणे, दुपारी लिंबाखाली बसले होते, इस्माईलला वाटलं, विचार करायलेत. रुमाल मांडीवर होता. ते ऐकून मी रडलो, आणि मग मला जाळी बसली त्या दिवशीची दुपार आठवली.

गिरणीवरून आम्ही फातिमाबीकडे गेलो होतो. तिची नजर गेली होती, कानही जड झाले होते. अप्पा तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि मोठ्याने म्हणाले, "अम्मा, जाळी बसली. जबान राखली." म्हातारीने मान हलवली. अप्पांनी रुमाल काढला. त्यांना अजून काही सांगायचं होतं, आणि ते सांगायला त्यांनी पहिल्यांदाच तो शब्द बाजाराच्या अर्थाने वापरला. "पन मात मी खाल्ली, अम्मा. पेव गेलं, गिरनी गेली. काशी देशोधडीला लागली. समदीकडनं मात खाल्ली."

म्हातारीने चाचपडत त्यांचा हात शोधला.

"खाए नै, अप्पा," ती म्हणाली. "तुमे मात दिए."

तिला कुठला अर्थ म्हणायचा होता, मी विचारलं नाही. अप्पांनी रुमाल डोक्याला बांधला आणि आम्ही घरी निघालो.